पिकाची स्वसंरक्षणशक्ती आणि ढालकिडा

(बुऱ्हाणपूर भागातील शेतकरी, शिक्षक व कृषी विस्तार अधिकारी यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ताप्तीच्या काठच्या काळ्या जमिनीत कापूस आणि केळी ही दोन पिके बांधाला बांध लावून उभी असतात. बुऱ्हाणपूर हा २००३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु पिकांचा हा शेजार त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि पलीकडील रावेर व मुक्ताईनगर तालुक्यांतही तो असाच दिसतो. या दोन्ही पिकांचा एक समाईक शत्रू आहे. मराठीत त्याला मावा म्हणतात, निमाडात माहू म्हणतात. कपाशीवर तो रस शोषतो, तर केळीच्या बागेत तो विषाणूची ने-आण करतो. या शत्रूचा शत्रू म्हणजे ढालकिडा, ज्याला चित्रांग भुंगेरा असेही नाव आहे.

ढालकिडा हा शेतकऱ्याचा मित्र आहे, त्याला वाचवावे, हा उपदेश आता नवा राहिलेला नाही. तथापि, या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. पीक हे काही निमूटपणे मार खाणारे नसते. त्याच्याजवळ लव असते, मेण असते, कडू आणि विषारी रस असतो. ही आयुधे ते किडीवर चालविते; पण त्यांचा परिणाम किडीपाशी थांबत नाही. किडीला खाणाऱ्या ढालकिड्यापर्यंत तो पोहोचतो. कधी त्याचे पाय अडकतात, कधी त्याचे अन्न विषारी होते, तर कधी उलट त्याचा फायदाच होतो. म्हणून वाण निवडताना व फवारणीचा विचार करताना झाड, मावा आणि ढालकिडा या तिघांचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे, हेच या विवेचनाचे सूत्र आहे.

मावा आणि ढालकिडा यांची ओळख

कपाशीवरील मावा पिवळसर हिरवा ते काळपट रंगाचा, टाचणीच्या डोक्याएवढा असतो. पानाच्या खालच्या बाजूस व कोवळ्या शेंड्यावर तो वस्ती करतो. आपल्या हवेत त्याच्या माद्या नराशिवाय पिलांना जन्म देतात आणि ती पिले आठवडाभरात स्वतः विऊ लागतात. त्यामुळे आज दहा दिसणारा मावा पंधरा दिवसांनी मोजता येत नाही. पाने आकसतात, त्यांवर गोड चिकटा पडतो, चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि उमललेल्या बोंडातील कापूसही चिकट होतो. वस्ती दाट झाली किंवा झाड निबर झाले की पंख असलेला मावा जन्मास येतो व दुसरीकडे उडून जातो. पंखांची ही गोष्ट केळीच्या संदर्भात महत्त्वाची असल्याने ध्यानात ठेवावी.

ढालकिड्याच्या अनेक जाती भारतात आहेत. नारिंगी पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला सहा ठिपक्यांचा आणि तांबड्या पाठीवर सात काळे ठिपके असलेला, हे दोन शेतात सहज ओळखू येतात. मादी पिवळी, लांबट अंडी पुंजक्याने उभी घालते. अंड्यांतून निघणारी अळी करड्या-काळ्या रंगाची, पाठीवर नारिंगी वा पिवळे डाग असलेली, सुसरीच्या आकाराची असते. माव्याचा खरा फडशा हीच अळी पाडते. पूर्ण वाढ होईपर्यंत ती शेकडो मावा खाते. परंतु तिचे रूप भुंगेऱ्याशी मुळीच मिळत नाही. त्यामुळे पुष्कळ शेतकरी तिलाच कीड समजून फवारणी करतात. मित्राला शत्रू समजून मारण्याचा हा प्रकार थांबविला, तरी निम्मे काम साधेल.

एक अपवादही सांगितला पाहिजे. वांगी व वेलवर्गीय भाज्यांवर पाने खरवडून जाळीदार करणारा एक भुंगेरा याच कुळातील आहे. तो मळकट तांबूस, बारीक केसाळ व पुष्कळ ठिपक्यांचा असतो. त्याच्या पिवळ्या अळीच्या अंगावर काट्यांसारखे फाटे असतात. मावाभक्षक ढालकिड्याची पाठ मात्र गुळगुळीत व चकचकीत असते.

लव, मेण आणि चिकट केस

कपाशीचे पान उजेडात आडवे धरून पाहिले असता त्यावरील बारीक लव दिसते. ही लव तुडतुड्यांविरुद्धचे उत्तम संरक्षण होय, कारण दाट लव असलेल्या पानात तुडतुड्याच्या मादीला अंडी घालणे कठीण जाते. म्हणूनच तुडतुड्यांचा उपद्रव असलेल्या देशांत कापूस पैदासकारांनी लवयुक्त वाण मुद्दाम निवडले. दक्षिण आफ्रिकेत १९२० च्या दशकात हेच झाले, आणि भारतातही लव हा वाणाचा मोठा गुण मानला गेला.

पण या गुणाची किंमतही मोजावी लागते. दाट लव पांढऱ्या माशीला मानवते आणि बोंडअळीची मादी पतंगही अशा पानावर अधिक अंडी घालते. शिवाय मित्रकीटकांच्या वाटेत हीच लव झुडपांसारखी आडवी येते. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९८० च्या दशकात गुळगुळीत व लवयुक्त कपाशीची तुलना करण्यात आली. लव जसजशी दाट, तसतसे क्रायसोपाच्या अळीचे आणि ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाचे काम मंदावले, असे तीत आढळून आले. ढालकिड्याच्या नुकत्याच निघालेल्या अळीचीही स्थिती अशीच होते. तिला लवकर भक्ष्य मिळाले नाही तर ती मरते. आणि लवेच्या रानातून वाट काढताना तिचा वेळ व शक्ती दोन्ही खर्ची पडतात.

टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटे हिरवट-पिवळी व चिकट होतात. तेथील केसांच्या टोकांशी ग्रंथी असतात आणि त्यांतून चिकट द्रव स्रवतो. त्यात मावा अडकतो, तशी ढालकिड्याची लहान अळीही अडकते. हरभऱ्याची आंब तर सर्वांच्या परिचयाची आहे. पहाटे हरभऱ्यावरून ओले फडके फिरवून ती गोळा करण्याची पद्धत घरोघर ठाऊक असे. ही आंब म्हणजे पिकाने स्वतःच स्रवलेली आम्ले होत. ती हरभऱ्याचे काही अंशी रक्षण करतात. परंतु त्यांच्यामुळेच ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक हरभऱ्यावर फारसा उपयोगी पडत नाही, असे अनुभवास आले आहे.

कोबी व वाटाण्याच्या पानांवरील पांढुरका थर मेणाचा असतो. त्यावर पाण्याचा थेंब ठरत नाही आणि ढालकिड्याचे पायही ठरत नाहीत. मेण कमी असलेल्या वाटाण्याच्या वाणांवर ढालकिडा घट्ट चालतो व अधिक मावा टिपतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले. झाडाची बाह्य रचना अशा रीतीने कधी कधी शत्रूपेक्षा मित्रालाच अधिक अडवते.

रसातील विष

आता आतल्या आयुधांकडे वळू. रुईचे झाड बुऱ्हाणपुराच्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला सापडते. तिच्या कोवळ्या शेंड्यावर भडक पिवळ्या रंगाचा मावा खच्चून भरलेला असतो. जवळपास ढालकिडे असूनही हा मावा पुष्कळदा निर्धास्त दिसतो. याचे कारण असे की, रुईतील हृदयावर परिणाम करणारी विषे तो आपल्या शरीरात साठवतो. लखनौ विद्यापीठात सात ठिपक्यांच्या ढालकिड्याला सहा प्रकारचा मावा वेगवेगळा खाऊ घालून त्याची वाढ तपासण्यात आली. त्यात मोहरीवरील मावा सर्वांत चांगला आणि रुई-कण्हेरीवरील मावा सर्वांत निकृष्ट ठरला. मावा सारखा दिसला तरी तो कोणत्या झाडाचा रस प्यालेला आहे, यावर ढालकिड्याचे पोषण ठरते.

मोहरीवर्गातील झाडांची कथा याहून मजेदार आहे. मोहरी कुटली की जो तिखट वास नाकात जातो, तो अख्ख्या दाण्यात नसतो. दोन वेगळे ठेवलेले पदार्थ कुटताना एकत्र येतात तेव्हा तो निर्माण होतो. कोबीवरील मावा यांतील एक पदार्थ झाडातून घेतो व दुसरा स्वतः तयार करतो. ढालकिड्याने त्याला चावले की त्याच्या तोंडातच मोहरी कुटली जाते. युरोपातील दोन ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या अळ्या अशा माव्यावर जगत नाहीत, असे आढळले आहे. तरीही सात ठिपक्यांच्या जातीला मोहरीवरील मावा मानवतो, हे वर आलेच आहे. एका जातीचा नियम दुसरीला लावून चालत नाही.

कापूस उत्पादकाला अधिक जवळचा विषय म्हणजे गॉसिपॉल. सरकी आडवी कापली असता गरात जे काळे ठिपके दिसतात, त्या ग्रंथींत हे द्रव्य असते. तशाच ग्रंथी पानांत, देठांत व बोंडाच्या सालीतही असतात. चीनमधील शास्त्रज्ञांनी २००४ साली कमी, मध्यम व अधिक गॉसिपॉल असलेल्या तीन वाणांवर मावा वाढविला आणि तो तेथील एका ढालकिड्याला खाऊ घातला. अधिक गॉसिपॉलच्या वाणावर माव्याचे आयुष्य व प्रजनन घटले. परंतु तो मावा खाणाऱ्या ढालकिड्याची वाढ मात्र अधिक लवकर व चांगली झाली. येथे झाड आणि ढालकिडा एकमेकांचे सहकारी ठरले.

याच्या उलट गव्हाचे उदाहरण आहे. गहू व मका यांच्या कोवळ्या रोपांत माव्याला मारक असे एक द्रव्य असते. चिलीमध्ये १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याचा ढालकिड्यावरील परिणाम पाहिला गेला. द्रव्य अत्यल्प असता ढालकिड्याला धोका नव्हता. फार अधिक असता माव्याने रसच कमी प्याला, म्हणून त्याच्या अंगात विषही कमी उतरले. खरा त्रास मध्यम प्रमाणात झाला. अर्धवट प्रतिकारशक्ती ही कधी कधी मित्राला अधिक महाग पडते, हा यातून मिळणारा धडा होय.

बीटी कपाशीचा प्रश्न

भारतात बीटी कपाशीला २००२ साली मान्यता मिळाली. तिच्यातील प्रथिने बोंडअळ्यांसाठी आहेत. मावा झाडाच्या ज्या नलिकांतून रस शोषतो, त्यांत ती जवळजवळ नसतात. त्यामुळे बीटी प्रथिनांनी मावाही मरत नाही आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यासही इजा होत नाही, असा अनेक प्रयोगांचा निष्कर्ष आहे. ही भीती मनातून काढून टाकावी.

परंतु एक अप्रत्यक्ष परिणाम २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आला. अळ्यांनी पाने कुरतडली की कपाशी आपल्यातील गॉसिपॉलसारखी द्रव्ये वाढविते आणि त्याचा जाच माव्यालाही होतो. बीटी झाडावर अळ्यांचा उपद्रव कमी, म्हणून ही द्रव्येही कमी वाढतात आणि माव्याला मोकळे रान मिळते. म्हणजे बोंडअळीची काळजी मिटली की ढालकिड्याची गरज संपली, असे नव्हे. उलट रस शोषणाऱ्या किडींसाठी त्याची गरज वाढलेली असते.

झाडाची हाक आणि झाडाचा पाहुणचार

झाड केवळ अडथळेच उभे करते असे नाही. मावा लागलेले झाड हवेत काही गंध सोडते व मित्रकीटकांना बोलावते. अशा गंधांपैकी एक द्रव्य तेच आहे, ज्याचा वास सांधेदुखीच्या मलमांना येतो. सोयाबीनवर मावा लागला असता हे द्रव्य बाहेर पडते आणि सात ठिपक्यांचा ढालकिडा त्याकडे ओढला जातो, असे अमेरिकेत २००५ साली दाखविण्यात आले.

कपाशीचे पान उलटून पाहिल्यास मधल्या शिरेवर एक बारीक खळगी दिसते. तीतून गोड रस पाझरतो. तो फुलातील मधासारखाच असतो. मावा कमी असतो तेव्हा ढालकिडा, क्रायसोपा व कोळी या रसावर गुजराण करतात. या ग्रंथी नसलेली कपाशीही पैदासकारांनी तयार केली. तिच्यावर काही किडी कमी आल्या, पण मित्रकीटकही घटले. मात्र या गोड रसावर व माव्याच्या चिकट्यावर मुंग्याही येतात, आणि त्या माव्याची राखण करून ढालकिड्याला हुसकून लावतात. मुंग्यांची रांग दिसली की तेथे माव्याची वस्ती आहे, असे खुशाल समजावे.

केळीच्या बागेतील अडचण

केळीवरील हरण्या रोग हा काकडीच्या केवडा विषाणूमुळे होतो. पानांवर शिरांना समांतर पिवळसर पट्टे पडतात, पोंगा कुजू शकतो, झाड खुरटते आणि रोगट झाडे उपटून नष्ट करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. हा विषाणू काकडीवर्गीय वेली, केन्यासारखी तणे व इतर पुष्कळ वनस्पतींत वास करतो. मावा त्यांवर काही क्षण सोंड खुपसतो, उडतो आणि केळीवर सोंड खुपसतो. एवढ्यात रोग पसरतो.

येथे ढालकिड्याची मर्यादा स्पष्ट होते. बागेत उतरलेल्या माव्याला ढालकिडा गाठेपर्यंत विषाणू झाडात शिरलेला असतो. इतकेच नव्हे, तर ढालकिड्याच्या हालचालीने बिथरलेला मावा इकडेतिकडे पांगतो आणि त्यामुळे रोग अधिक झाडांवर जाऊ शकतो, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. केळीचा स्वतःचा काळपट मावा तर खोडालगत, पानांच्या आवरणाआड दडून राहतो. तेथे ढालकिड्याला सहज शिरकाव नसतो.

म्हणून ढालकिड्याचा उपयोग केळीच्या बागेत नव्हे, तर शेजारच्या कपाशीत अगोदर करून घ्यावा लागतो. कपाशीवरील माव्याची वस्ती सुरुवातीसच आटोक्यात राहिली, तर पंख असलेल्या माव्याच्या झुंडी कमी निघतात आणि बागेवरील भार हलका होतो.

चवळीसंबंधीचा सल्लाही याच दृष्टीने तपासला पाहिजे. कपाशीभोवती चवळीच्या ओळी लावाव्यात, कारण चवळीवरील मावा ढालकिड्याला उत्तम मानवतो, अशी शिफारस केली जाते. केवळ कपाशीच्या शिवारात ती योग्य आहे. परंतु केळीच्या बागेला लागून चवळी, काकडी, भोपळा, टोमॅटो किंवा मिरची लावणे धोक्याचे आहे, कारण ही झाडे त्याच विषाणूला आसरा देतात. एका बांधावर जे हिताचे, ते दुसऱ्या बांधावर अहिताचे ठरते. शेजाऱ्याने काय पेरले आहे, हे विचारूनच हा निर्णय घ्यावा.

शेतकऱ्यांनी व शिक्षकांनी काय करावे

वाण निवडताना मध्यम लवेचा वाण पसंत करावा. अगदी गुळगुळीत वाण तुडतुड्यांना बळी पडतो, तर अति लवयुक्त वाण पांढऱ्या माशीला आमंत्रण देतो व मित्रकीटकांना अडवतो. देशी कपाशी रस शोषणाऱ्या किडींना तुलनेने चांगली तोंड देते, हेही विसरू नये.

नत्रखताची मात्रा शिफारशीपेक्षा वाढवू नये. अति नत्राने पान कोवळे व रसाळ होते, झाडाची अंगची प्रतिकारशक्ती मंदावते आणि माव्याची वाढ ढालकिड्याच्या आवाक्याबाहेर जाते.

फवारणीपूर्वी मोजणी करावी. शेतात फिरून २० झाडे निवडावीत आणि प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे अशी ३ पाने उलटून पाहावीत. सरासरी १० मावा प्रति पान ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. तिच्या आसपास मावा असूनही ढालकिड्याची अंडी, अळ्या किंवा भुंगेरे बहुतेक झाडांवर दिसत असतील, तर दोन-चार दिवस थांबून पुन्हा मोजावे. उपाय करणे भागच पडले, तर प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. बीटी बियाण्याला रसात भिनणारे कीटकनाशक बहुधा आधीच चोळलेले असते. त्यामुळे उगवणीनंतर लगेच त्याच गटाची फवारणी करण्यात पैसाही जातो आणि मित्रही मरतो.

केळीच्या बागेत व बांधावर केना व अन्य तण राहू देऊ नये. रोगट झाड दिसताच मुळासकट काढून दूर नष्ट करावे. रोगमुक्त असल्याची खात्री पटलेलीच रोपे लावावीत.

शाळांतून हा विषय सहज शिकविता येईल. काचेच्या बरणीत माव्याने भरलेली कपाशीची डहाळी व ढालकिड्याची एक अळी ठेवून, तोंडाला फडके बांधून, ती रोज किती मावा खाते याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. दुसऱ्या बरणीत रुईवरील पिवळा मावा घालून फरक पाहावा. भिंगातून कपाशीची लव, टोमॅटोचे चिकट केस व कोबीचे मेण दाखवावे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये, याची दक्षता मात्र घ्यावी. ज्या मुलाने ही अळी एकदा ओळखली, ते मूल घरच्या शेतावर ती मारू देणार नाही.

विस्तार अधिकाऱ्यांनी वाणाची माहिती देताना उत्पन्न व धाग्याच्या लांबीबरोबर पानाची लव कशी आहे, हेही सांगावे. आणि केळी व कपाशी शेजारी असलेल्या गावांत एका शेतापुरता नव्हे, तर सबंध शिवाराचा सल्ला द्यावा.

पिकाला स्वतःचे रक्षण करण्याची शक्ती निसर्गाने दिली आहे आणि ढालकिड्याला भूक दिली आहे. ही शक्ती व ही भूक एकमेकींच्या आड येणार नाहीत अशी शेतीची मांडणी करणे, हे शेतकऱ्याच्या हाती आहे. त्यासाठी लागणारी गुंतवणूक फार नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून पाहण्याची सवय लागली, की तिची सुरुवात झाली.